एक वचन सोडून एक

आमच्या भिंतीपलीकडे राहणारे शमुवेलतात्या कंपाउंडर रोज सकाळी साडेपाचला मोठ्याने बायबल वाचत, पण एक वचन सोडून एक. पहिलं वचन वाचायचं, मग गप्प. मग तिसरं. मग गप्प. मग पाचवं.

इंदापूरच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून आले, त्या पहिल्याच सकाळी हे ऐकलं. आमच्या दोघांच्या खोल्या दवाखान्याच्या आवारातच. मध्ये विटांची एक भिंत, तीही कौलांपर्यंत न पोचलेली. भांडं पडलं, खोकला आला, सगळं इकडचं तिकडे. मला वाटलं म्हाताऱ्याला दम लागत असेल. माणूस मध्येच गप्प झाला की मी आधी त्याच्या छातीचा विचार करते. पण चार दिवस ऐकल्यावर त्यातला नेम लक्षात आला, म्हणून पाचव्या दिवशी नाडी मोजायचं घड्याळ हातात घेतलं, मांडीवर माझं बायबल उघडलं आणि तात्या जे वचन सोडत ते मनातल्या मनात वाचून पाहिलं. वचन लांब असेल तर ते बराच वेळ गप्प. आखूड असेल तर थोडा वेळ. माझं वाचून संपलं की त्याच क्षणी पलीकडून पुढचं वचन सुरू.

म्हणजे म्हातारा कुणाचं तरी ऐकत होता.

मी बायबल मिटलं आणि चूल पेटवली. ज्याला औषध नाही त्याच्यापाशी बसून राहायची मला सवय नाही.

आमच्या ख्रिस्ती घरांत सकाळच्या उपासनेला वचनं वाटून वाचतात, हे सगळ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. एक वचन बापाने, पुढचं आईने, त्याच्या पुढचं थोरल्याने, असं पुस्तक फिरत जातं. तान्ह्या पोराच्या वाट्यालाही वचन येतं. आई त्याचं बोट धरून अक्षरांवरून फिरवते आणि त्याच्या वतीने वाचते. पाहुणा बसला असेल तर त्यालाही. वचन मिळालं की माणूस त्या घरचा झाला. पण तात्यांच्या घरात तात्या एकटे. बायको बाळंतपणात जाऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि "आमास्नी कुणी न्हाय" एवढंच ते स्वतःविषयी सांगत.

त्यामुळे गावाने निकाल लावून टाकला होता. बायको येते. रोज येते, आपल्या वाटची वचनं वाचते आणि जाते. आमची दूधवाली साडेपाच ते सहाच्या दरम्यान तात्यांच्या दारासमोरून जात नसे; मागच्या बाभळींतून काटे चुकवत यायची.

"बाई, म्हातारी वाचत असती तवा मधनं जाऊ ने," ती मला म्हणाली. "माझी जाऊ गेली हुती. म्हस आटली."

"म्हैस गाभण असेल."

"व्हती ना गाभण," ती म्हणाली. "पर आटली का न्हाय?"

 तरी एकदा पौष महिन्यात माझी काडेपेटी संपली आणि मी तात्यांच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. तात्या खाटेवर बसलेले, मांडीवर पुस्तक. समोर एक स्टूल, रिकामं. आणि चिमणी अशी ठेवलेली की उजेड तात्यांच्या पुस्तकावर कमी आणि त्या स्टुलावर जास्त. तात्या मान कलती करून स्टुलाकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "अक्षरं गिळू नगंस. परत वाच." थोडं थांबले. मान डोलावली. आणि पुढचं वचन वाचायला लागले.

मी काडेपेटी न मागताच परत आले. हात गार पडले होते, पण थंडीही होतीच.

दिवसा मात्र तात्यांइतका खणखणीत माणूस तालुक्यात नव्हता. बुटके, टकलावर काळी टोपी, बोटांना कायम आयोडिनचा तांबूस रंग. मिक्श्चरच्या बाटलीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवतात, तिला कातरीने दात पाडलेले असतात; एक दात म्हणजे एक डोस. त्या पट्ट्या कातरण्यात तात्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. न बघता कातरत, आणि सगळे दात सारखे, फक्त प्रत्येकाचं टोक किंचित डावीकडे झुकलेलं. हीच युक्ती त्यांनी बायबलला लावली होती. सासष्ट पुस्तकं, सासष्ट पट्ट्या. पुस्तकात जितके अध्याय तितके दात. रोज एक अध्याय वाचायचा, एक दात दुमडायचा.

"सवय म्हंजे मिक्श्चर, सिस्टरबाई," ते म्हणत. "येकदम बाटली तोंडाला लावून कुणी बरं हुत न्हाय. रोज येक डोस. अन् हलवून घ्यायचा. हलवून म्हंजे मोठ्यानं."

हा उपचार ते जातधर्म न बघता करत. पोटदुखी घेऊन आलेल्या वडगावच्या एका शेतकऱ्याला ते म्हणाले, "तुमचं जे आसंल ते वाचा, पर रोज वाचा." तो म्हणाला, "मला कायबी वाचाया येत न्हाय." "मग पाढं म्हणा. पहाटं उठून तेराचा पाढा, मोठ्यानं." महिन्याने तो गृहस्थ कणसं घेऊन आला. पोट बरं होतं. कशाने, ते मी विचारलं नाही. मिक्श्चरही मीच दिलं होतं.

माझ्यावर त्यांचा विशेष डोळा. मी मिशनच्या इस्पितळात शिकलेली, बायबल घरात असलेली, आणि तरी वाचनाचा कंटाळा करणारी. माझ्या पुस्तकात त्यांनी स्वतः पट्टी घालून दिली होती आणि आठवड्याला येऊन तपासत.

"बाटली भरल्यालीच हाय की."

"चार दिवसांचे डोस रविवारी एकदम घेईन, तात्या."

इथे दुसरा कुणी हसला असता. तात्यांचा चेहरा मात्र उतरला. "तसं न्हाय चालत," ते हळू आवाजात म्हणाले. "येक दिस चुकला की माणूस मागं ऱ्हातं. मागं ऱ्हायल्यावं हाक पोचत न्हाय."

कुणाची हाक, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण बाहेर विंचू चावलेला माणूस आला होता.

एकदा त्यांना हिवताप चढला. एकशे चार. सकाळी साडेपाचला उठून बसले आणि पुस्तक चाचपायला लागले. मी पुस्तक काढून घेतलं, तर माझं मनगट धरलं. इतक्या तापात इतकी पकड मी पाहिलेली नाही. "सिस्टरबाई," ते म्हणाले, "आज चुकलं तर ती कुठं आन् मी कुठं." मी पुस्तक दिलं. अख्खा अध्याय वाचला त्यांनी, दातांवर दात आपटत, एक वचन सोडून एक. मधल्या वचनांना ते डोळे मिटून गप्प बसायचे आणि मी ओल्या फडक्याने कपाळ पुसायचे. खोलीत आम्ही दोघंच होतो. तरी फडकं भिजवायला वळताना मी दर वेळी त्या स्टुलाला वळसा घातला. का घातला ते सांगता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात बारामतीची नर्स लांबच्या रजेवर गेली आणि मला दीड महिन्यासाठी तिकडे पाठवायचं ठरलं. तात्या औषधांच्या कपाटाशी उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "उतरायचं कुठं?"

"बघीन तिथे जाऊन."

"कालव्याच्या अंगाला बाबूभाई सायकलवाले हायेत. त्येंची येक खोली मोकळी हाय म्हणं. घर स्वच्छ हाय म्हणं." त्यांनी एक बाटली उचलली, परत होती तिथेच ठेवली. "बाकी मला कायी ठावं न्हाय."

बाबूभाईंचं घर खरंच स्वच्छ होतं. पुढे सायकलींचं दुकान, मागे तीन खोल्या, त्यातली कडेची मला. बाबूभाईंची बायको अमिनाचाची. नमाज आणि बाजारहाट दोन्ही वेळच्या वेळी करणारी, बोलायला मोकळी बाई. मुलगा याकूब, दिवसभर पंक्चरं काढणारा. आणि याकूबची बायको, आठवा महिना भरत आलेली. प्रवासाने दमले होते, म्हणून तिला नीट पाहिलं नाही.

पहिल्या सकाळी चाचीची नमाजाची हालचाल ऐकू आली, मग सगळं शांत झालं. घड्याळात साडेपाच. भिंतीपलीकडे पानं चाळल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग एक तरुण बाई वाचायला लागली. एक वाक्य. गप्प. पुन्हा एक वाक्य. गप्प.

मी उठून बसले. आदल्या सकाळी इंदापुरात तात्यांनी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा तिसरा अध्याय संपवलेला मी ऐकला होता. मी चौथा उघडला. पलीकडची बाई चौथाच वाचत होती. दुसरं वचन, चौथं, सहावं. मधल्या जागा बरोबर तात्यांच्या वचनांएवढ्या. तीस मैलांवर ह्याच क्षणी म्हातारा पहिलं, तिसरं, पाचवं वाचत असणार. मी तीन वर्षं अर्धं पुस्तक ऐकलं होतं. उरलेलं अर्धं इथे निघालं.

 खरं आहे म्हणून लिहिते.

चहाच्या वेळी चाचीने मला कोपऱ्यात घेतलं. "बाई, तुमी शिकल्याल्या. आमच्या सुनंला जरा बघा. पोरगी गुणाची हाय, कामाला वाघ हाय, पर पहाटचं आर्धं बोलती आन् आर्धं कुणाचं तरी ऐकती. मी ताईत आणून बांधला. तिनं गुमान बांधून घेतला. दुसऱ्या दिशी ताईत हातात, आन् चालूच."

मी सुनेच्या, करुणाच्या, खोलीत गेले. कोनाड्यात बायबल होतं आणि त्यातून एक पट्टी डोकावत होती, वापरून फडक्यासारखी मऊ झालेली. दातांची टोकं डावीकडे झुकलेली. ती कातर मी कुठेही ओळखली असती.

"शमुवेल कंपाउंडर तुझे कोण?" मी विचारलं.

"वडील," करुणा म्हणाली. तिने हातातलं सूप खाली ठेवलं नाही, तांदूळ पाखडतच राहिली. तात्यांना मुलगी आहे हे तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं; निघून गेलेल्या लेकीचं नाव गावाने त्यांच्या धाकाने टाकलं होतं.

गोष्ट चार वाक्यांची होती. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची. तिघांचं वाचन दोघांवर आलं. बापाने पट्ट्यांचे दोन जोड कातरले, एक स्वतःला, एक तिला, आणि त्या पट्ट्यांच्या आधाराने दोघं उभी राहिली. अकरा वर्षांनी याकूब तिला मागणी घालायला बारामतीहून सायकल मारत पहाटेच इंदापूरला पोचला, तर तात्यांनी त्याला रीतीप्रमाणे वाचनाला बसवून घेतलं.

"बाबांनी पहिलं वचन वाचलं," करुणा म्हणाली. "शेजारी हे बसलेले. ह्यांनी दोन्ही हात पुढं केले. बाबांनी पुस्तक ह्यांच्या हातावरनं उचलून नेलं आन् माझ्या मांडीवर ठेवलं. जसं तिथं कुणी बसलेलंच न्हाय."

"मग?"

"मी पुस्तक मिटलं. सायकलीच्या दांडीवर बसून आले. नोंदणीचं लग्न केलं. त्या दिवशीचा अध्याय संध्याकाळी हितं येऊन पुरा केला. माझी वचनं तेवढी. त्यांची मी का वाचू? त्यांची ते वाचतात."

"चार वर्षांत पत्र नाही, निरोप नाही. ते वाचतात हे तुला कुणी सांगितलं?"

"ऐकू येतं की," ती म्हणाली. सुपातला खडा वेचून तिने दाराबाहेर टाकला. "चुकलं तर टोकतात बी."

मी तिची नाडी पाहिली. नेहमीची होती, बहात्तर. पत्र लिही म्हणून सांगितलं, तर मान हलवली. "पुस्तक त्यांनी वरनं नेलं. खाली त्यांनीच आणायचं." बाप तसाच लेक.

त्या आठवड्यात एका सकाळी ती एका राजाच्या नावाला अडखळली. थांबली. "हो, हो," म्हणाली, आणि तेच वचन पहिल्यापासून सावकाश वाचलं. मी त्या वेळी वेणी घालत होते. अर्धी वेणी तशीच राहिली.

चौथ्या आठवड्यात दिवस भरले. कळा संध्याकाळी सुरू झाल्या आणि पहाटेपर्यंत तिचा जीव नकोसा झाला. आईचं काय झालं होतं हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. बाहेर याकूब सायकलचं एक चाक हातात धरून बसला होता, उगीच फिरवत. साडेपाचला करुणाने माझा पदर ओढला.

"पुस्तक."

"आज सुट्टी. जोर राखून ठेव."

"एक दिवस चुकला तर मी कुठं आन् ते कुठं," ती म्हणाली. तिने माझं मनगट धरलं, आणि ती पकड मला ओळखीची होती.

मी वाद घालत नाही, वेळ जातो. चाचीला कंदील धरायला लावला, पुस्तक उशाशी उघडं ठेवलं आणि करुणाच्या वाटची वचनं मी वाचायला लागले. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा सहावा अध्याय. सगळी वंशावळ. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा, जीभ वळणार नाही अशी नावं आणि ऐंशीवर वचनं. एक वाचायचं, मग तात्यांच्या वचनाएवढं थांबायचं आणि त्या थांबण्यात बाळंतिणीचं बघायचं. एकदा अशीच थांबले असताना चाचीने झटकन डोईवर पदर घेतला आणि दाराकडे पाहिलं.

"कोण आलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही. गरम पाणी आण."

कुणी नव्हतंच. पण तेवढ्यात मी स्वतः अंग चोरून बाजूला सरकले होते, कुणाला वाट द्यावी तशी.

शेवटाकडे बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि मी चार नावं गाळली. गाळली ती मुद्दाम. मला हात मोकळे हवे होते. मुलगी झाली. सव्वासहा पौंड, फुप्फुसं उत्तम. तिचं पहिलं रडणं नेमकं तात्यांच्या वचनाच्या जागी पडलं. शेवटचं वचनही त्यांचंच होतं; ते त्यांच्यावर सोडून मी नाळ बांधली. चार नावांचं मी कुणाला सांगितलं नाही. करुणा शुद्धीवर जेमतेम, चाचीला अक्षरओळख नाही. सांगायचं कारणच नव्हतं.

दोन आठवड्यांनी माझी मुदत संपली आणि मी इंदापूरला परतले. तात्या खलबत्त्यात काहीतरी कुटत होते. वर बघितलं नाही.

"आलात. बारामतीची हवा कशी?"

"बरी."

ते थोडं कुटत राहिले. मग बत्ता थांबला.

"मागल्या पंधरवड्यात येका सकाळी वाचन लई घाईत झालं," ते म्हणाले. "आवाज तिचा न्हवता. मोठ्या बाईमाणसाचा, दवाखान्यात हुकूम सोडत्यात तसा. अन् लेवीच्या वंशातली चार माणसं गाळली." आयोडिनची बोटं खलाच्या कडेवरून फिरत होती. "मी म्हटलं, गेली. आईवानी गेली. आता दुसरंच कुणीतरी तिचं पुस्तक घेऊन बसलंय. त्या दिशी म्या दवाखाना उघडला न्हाय. दुसऱ्या दिशी साडेपाचला वाचाया बसवंना. तरी पयलं वचन वाचलं आन् गप बसलो."

"मग?"

"तिचाच आवाज. दमल्याला. पर तिचाच."

 माझ्याकडे होती ती माहिती मी दिली. "मुलगी झाली. सव्वासहा पौंड. दोघी ठणठणीत. नावं मी गाळली, तात्या. डोकं दिसत होतं."

"मग चालतंय," तात्या म्हणाले.

एवढ्यावर सोडलं असतं तर मी मी कसली. "त्या मुलाच्या हातावरून तुम्ही पुस्तक नेलंत," मी म्हणाले. "रात्रभर दाराबाहेर बसला होता तो. सकाळी पोर हातात दिली, तर सायकलचं चाक धरावं तशी धरली. हातांना सांभाळून धरायची अजून सवय नाही. होईल."

 एखादं लांब वचन वाचून व्हावं इतका वेळ तात्या बत्ता धरून राहिले, मग खल उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला आवारात काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला. मी फटीतून पाहिलं. बाहेर रोगी बसतात ते लांब बाकडं तात्या एकटेच ओढत आपल्या खोलीत नेत होते. स्टूल दाराबाहेर ठेवलेलं होतं.

साडेपाचला मी घड्याळ घेऊन बसले. माझं बायबलही उघडलं. तात्यांनी पहिलं वचन वाचलं. मग गप्प झाले. मी दुसऱ्या वचनाखाली बोट ठेवलं. भिंतीपलीकडे पुस्तक सरकल्याचा आवाज आला, आणि मग तात्यांचा आवाज, रोग्याला डोस समजावून सांगताना असतो तसा.

"हितनं. ही वळ. वाचा, याकूबराव."

ते वचन आखूड होतं. मी मनात दोनदा वाचून संपवलं, तरी पलीकडे अजून शांत होतं. पुस्तकाची सवय नसलेल्या माणसाला लागतो तेवढा वेळ तात्या देत होते. मग करुणाच्या वचनाएवढं थांबले. मग अगदी सावकाश, कुणाचं तरी बोट धरून फिरवल्यासारखं, चौथ्या वचनाएवढं. पाचवं त्यांनी स्वतः वाचलं.

अध्याय संपेपर्यंत मी जागची उठले नाही. मग माझ्या पट्टीचा एक दात दुमडला, चूल पेटवली आणि बारामतीला कार्ड लिहायला घेतलं, की आता वाचणारे चार आहेत, आणि बाबांनंतर याकूबने वाचायचं आहे.